बँडमध्ये राहून सोलो अल्बम: भुसावळच्या एका गिटारवाल्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. भुसावळचा एक सव्वीस वर्षांचा मुलगा चौघांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो आणि गातो. लग्नातली संगीत संध्या, कॉलेजांची गॅदरिंग, अधूनमधून हॉटेलातले शो, असं त्यांचं चालतं. त्याच्याकडे स्वतःची अकरा गाणी आहेत आणि त्यातली चार बँड स्टेजवर वाजवतो. आता त्याला पॉप-रॉकचा सोलो अल्बम काढायचा आहे. जवळ साठवलेले दोन लाख आहेत. बँड सोडावा लागेल का, रेकॉर्डिंगला मुंबईला जावं का, भुसावळात बसून प्रसिद्धी कशी करायची आणि सीडी काढायची का, असे चार प्रश्न त्याने विचारलेत.

मी जळगावात छोटा स्टुडिओ चालवतो. ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, अहिराणी गाणी आणि तुझ्यासारख्या पोरांचे बँड, सगळे येतात. वयाने मोठा आहे, म्हणून 'तू' म्हणतो, राग मानू नकोस.

बँड सोडायची काही गरज नाही. फिल कॉलिन्सने पहिला सोलो अल्बम काढला १९८१ मध्ये. तेव्हा तो जेनेसिस बँडचा ड्रमर होता आणि गायकही. बँडमधून तो बाहेर पडला थेट १९९६ मध्ये, तोवर दोन्ही कामं जोरात चालू होती. उलटं उदाहरण बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं. त्याचा पहिला सोलो अल्बम १९७० च्या एप्रिलमध्ये आला. बराचसा घरीच, चार ट्रॅकच्या मशीनवर, जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवून केलेला. पत्रकारांना पाठवलेल्या प्रतींबरोबर छापील प्रश्नोत्तरं जोडली होती. बँडमधला जोडीदार जॉन लेननबरोबर पुन्हा गाणी लिहायला बसाल का, अशा अर्थाचा एक प्रश्न त्यात होता आणि त्याचं उत्तर होतं 'नाही'. झालं. अल्बम राहिला बाजूला आणि जगभर बातमी झाली बीटल्स फुटल्याची.

तुझं पहिलं पोस्टर पडलं की खाली कुणीतरी लिहिणारच, 'बँड फुटला का भो?' त्याला उत्तर तुझ्या ड्रमरने द्यायला हवं, तू नाही. ते तो तेव्हाच देईल जेव्हा त्याला हे सगळं पोस्टरवरून कळलेलं नसेल. तिघांना एकत्र बसवून सांग, एकेकट्याला गाठून सांगू नकोस. त्याच बैठकीत दोन गोष्टी पक्क्या करून टाक. एक, बँडची सुपारी (कार्यक्रमाचं बुकिंग) आणि तुझं रेकॉर्डिंग एकाच तारखेला आलं तर सुपारी आधी. लग्नाचा हंगाम बुडाला तर तिघांचं घर बुडतं, तुझ्या एकट्याचं नाही. दोन, बँडच्या पेजवरून तुझ्या अल्बमची जाहिरात किती करायची. माझं मत विचारशील तर एक पोस्ट अल्बम जाहीर झाल्यावर, एक तो आल्यावर, एवढंच.

आता त्या चार गाण्यांकडे वळतो, कारण भांडणं होतात ती इथेच. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७ चा, मोठी दुरुस्ती २०१२ ची) एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी धरतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द लिहिणाऱ्याचे. चाल बांधणाऱ्याची, मग त्याने ती नोटेशनमध्ये लिहिलेली असो वा नसो. ध्वनिमुद्रण मात्र ते करून घेण्याची जबाबदारी ज्याने उचलली त्या निर्मात्याचं. म्हणजे बँडच्या खर्चाने केलेलं जुनं रेकॉर्डिंग उचलून अल्बममध्ये टाकता येणार नाही. तीच गाणी नव्याने रेकॉर्ड कर, शब्द आणि चाल तुझी असतील तर त्याला कुणाची हरकत चालणार नाही.

'असतील तर' हे महत्त्वाचं. चौघं तालमीला बसतात तेव्हा गाणं एकट्याचं राहतंच असं नाही. मुखडा तुझा, पण अंतऱ्यातली ती वर चढणारी ओळ कीबोर्डवाल्याने सुचवली का? गाणं सुरू व्हायच्या आधी जो गिटारचा तुकडा वाजतो आणि लोक ज्याच्यावर शिट्ट्या मारतात, तो कुणाच्या हातून निघाला? ड्रमरने नुसता ठेका धरला असेल तर तो सहसा वाजवणाऱ्याचा हिशोब, चालीचा नाही. पण चालीतच कुणाचा हात असेल तर तो सहरचनाकार. त्याचं नाव श्रेयात आलं पाहिजे आणि वाटाही ठरला पाहिजे. चारही गाण्यांसाठी एकेक पान कर. शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती टक्के, चौघांच्या सह्या. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर केलंस तर उत्तम, साध्या कागदावर केलंस तरी काहीच नसण्यापेक्षा लाखपटीने बरं. ज्या गाण्यावर एकमत होत नाही, ते अल्बममधून काढून बँडकडे ठेव. तुझ्याकडे आणखी सात आहेत.

शिवाय अकरा गाणी टाकूच नकोस. आठ पुरे. दोन लाखांत अकरा गाणी होतात, पण कशीबशी. निवडताना एक कर. प्रत्येक गाणं नुसती गिटार घेऊन, बसून, हळू आवाजात म्हण. मंगल कार्यालयात पाचशे माणसांच्या गोंगाटावर मात करायला बसवलेली गाणी खोलीत गायली की कधीकधी त्यांच्यात काही उरत नाही. जी उरतील ती घे. स्केलही तपासून बघ. स्टेजवर तू ओढून गातोस, तिथे ते लागतं. माइकच्या जवळ गाताना तेच गाणं एक-दोन सूर खाली आणलं की शब्द ऐकू येतात आणि गळ्याचा मूळ पोत दिसतो. सोलो अल्बम ऐकणारा तुझ्यासाठी येतो, त्याला तुझा गळा ऐकू दे.

शब्दांबद्दल थोडं लांबण लावतो. आपल्याकडची रॉकवाली पोरं चाल बांधताना 'ना ना ना' किंवा इंग्रजीसारखे काहीतरी डमी बोल म्हणतात आणि मग त्या साच्यात मराठी शब्द कोंबतात. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ ठरलेलं असतं. ऱ्हस्व अक्षरावर तीन मात्रा थांबलास की शब्द मोडतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं याला मराठी नीट येत नाही. चाल पक्की करायच्या आधीच निदान मुखड्याचे खरे शब्द हातात असू देत. अहिराणीत लिहायचं असेल तर पूर्ण लिही. मराठी गाण्यात 'माझं गाव' काढून 'मन्हं गाव' घातलं की गाणं अहिराणी होत नाही, क्रियापदही अहिराणीच यावं लागतं. घरी आजी-काकांशी बोलताना जी बोली तोंडात येते तीच घे. भुसावळ-सावदा पट्ट्यात लेवा बोली आहे, शिंदखेडा-साक्रीकडची अहिराणी वेगळी. दोन्ही मिसळल्या तर तिकडचा माणूसही हसेल आणि इकडचाही.

बहिणाबाईंची एखादी कविता गिटारवर घ्यावी, असं खान्देशातल्या प्रत्येक बँडला कधी ना कधी वाटतंच. तुलाही वाटेल. त्यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. मरणोत्तर प्रकाशित लेखनाचे हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतात. त्यामुळे त्या संग्रहातले शब्द २०१३ पासून सगळ्यांसाठी मोकळे आहेत. मात्र कानावर बसलेल्या चाली दुसऱ्या संगीतकारांच्या आहेत, त्या मोकळ्या नाहीत. चाल तुझी स्वतःची हवी. कानबाईच्या उत्सवातल्या किंवा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पारंपरिक गाण्यांचंही असंच. गाणं परंपरेचं, पण एखाद्या कंपनीच्या रेकॉर्डिंगमधलं म्युझिक जसंच्या तसं उचललंस तर यूट्यूबवर दावा येणार.

आता पैसे. मुंबईला जायचं का? सगळ्या कामासाठी नको. मुंबईत स्टुडिओचं भाडं तासावर पडतं, तू तिसऱ्या तासाला घड्याळ बघायला लागतोस आणि नेमकं तेच गाण्यात ऐकू येतं. ज्या गोष्टींना वेळ लागतो त्या घरी कर, म्हणजे गळा, गिटार, बेस, कीबोर्ड. ज्या गोष्टींना जागा आणि सामान लागतं त्या बाहेर, म्हणजे ड्रम्स. आणि जिथे दुसऱ्याचे कान लागतात ते दुसऱ्याकडे, म्हणजे मिक्सिंग (सगळे ट्रॅक एकत्र बसवणं) आणि मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात). ढोबळ वाटणी सांगायची तर दोन लाखांतला निम्मा पैसा ड्रम्स आणि मिक्सिंगला. चाळीसेक हजार घरच्या सामानाला. वाजवायला येणाऱ्यांचं मानधन वेगळं काढून ठेव, मित्र असला तरी. जे उरेल त्यात प्रसिद्धी. व्हिडिओला लाख घालवणारे मी खूप पाहिलेत. ड्रोनने पाटणादेवीचा डोंगर दिसतो आणि गाणं मात्र पॅडच्या ठेक्यावर चाललेलं असतं.

घरच्या सामानात दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी), बंद प्रकारचे हेडफोन आणि एक माइक. माइक कोणता, हे खोली बघून ठरव. स्लॅबच्या, फरशी घातलेल्या रिकाम्या खोलीत कंडेन्सर माइक लावलास तर खोलीचा सगळा प्रतिध्वनी त्यात उतरतो. तिथे शुअरचा एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक जास्त साथ देतो. एवीतेवी तो तुमच्या बँडकडे असेलच. गावाकडे धाब्याचं घर असेल तर तिथे नक्की प्रयोग कर. मातीच्या ओबडधोबड भिंती, लाकडी सर आणि वर मातीचा थर असल्याने आवाज तसा टणटणत नाही. नसेल तर खोलीच्या एका कोपऱ्यात दोऱ्या बांधून गोधड्या टांग. तुझ्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना, कारण माइक तुझ्याकडे तोंड करून असतो आणि तुझ्या मागून परतलेला आवाजच त्याला आधी मिळतो. कापसाची जाड गादी उभी केली तर आणखी छान. तोंड आणि माइक यांत एक वीत अंतर ठेव. 'प', 'फ', 'भ' फुटत असतील तर माइक थोडा तिरका कर, सरळ त्यात फुंकू नकोस.

आपल्याकडचा खरा वैरी उन्हाळा. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. कूलर चालू ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये तो घरघरतो, बंद केला तर गाणारा घामाने निथळतो. अकूस्टिक गिटारचं लाकूड कोरड्या हवेत आकसतं. वरची पाटी खाली बसते, तारा फ्रेटला लागून झरझरतात आणि फ्रेटची टोकं कडेला बोटाला टोचतात. पावसाळ्यात उलट होतं, लाकूड फुगतं आणि तारा उंच होतात. म्हणून गिटार पेटीत, ओल्या स्पंजची डबी ठेवून सांभाळ आणि रेकॉर्डिंगच्या आठवड्यातच तिचं सेटिंग करून घे. आणि मुळात रेकॉर्डिंग आषाढ ते भाद्रपद या काळात धर. चातुर्मासात लग्नं नसतात, तुझे मित्र मोकळे असतात, हवाही सहन होते. गळ्याचं काम रात्री अकरानंतर. तेव्हा शेजारच्या बोअरची मोटार बंद असते. रेल्वेच्या भोंग्याला इलाज नाही. भुसावळात राहतोस, भोंग्यांच्या मधल्या वेळात गा.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये सतत 'हंऽऽ' असा आवाज येत असेल तर आधी गिटारला किंवा केबलला दोष देऊ नकोस. घराचं अर्थिंग बघ. उन्हाळ्यात काळी जमीन फाटते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि मग अर्थ नावापुरताच राहतो. चांगला वायरमन बोलावून तपासून घे. बऱ्याच घरी त्या खड्ड्यात आठवडाभर बादली-बादली पाणी घातल्यावरच फरक पडलेला मी पाहिलाय. जुनी चोकवाली ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर यांचाही गिटारच्या पिकअपला त्रास होतो, टेक घेताना ते बंद. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर काम करत असशील तर तो साइन वेव्हचा हवा, साध्या इन्व्हर्टरवर गिटार भुणभुणते. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवला की निम्मी कटकट जाते, हे करून बघायला पैसे लागत नाहीत. आणि गिटार रेकॉर्ड करताना अँपचा आवाज घेतलास तरी सोबत थेट केबलचा कोरडा ट्रॅकही ठेव. मिक्स करणाऱ्याला टोन आवडला नाही तर तो त्याच ट्रॅकवरून नवा बनवतो, तुला पुन्हा वाजवावं लागत नाही.

ड्रम्स. इथे मी हट्टी आहे. पॉप-रॉक गाण्याला माणसाने वाजवलेले ड्रम्स लागतात. प्रोग्राम केलेले चालतात, पण मग ते मुद्दाम यंत्राचे वाटतील असे कर. 'खऱ्यासारखे' करायला गेलं की ऑर्केस्ट्राच्या ऑक्टोपॅडची आठवण येते. तुमच्याच ड्रमरला घे. त्याने परवडतं आणि बँडमधलं वातावरणही निवळतं. नाशिक, पुणे किंवा मुंबईतला, ड्रम्ससाठी मोठी खोली असलेला स्टुडिओ दोन दिवस सलग घे. आठ गाणी दोन दिवसांत होतात, पण एका अटीवर. त्याला आधी महिनाभर क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर) वाजवायची सवय हवी. लग्नात वाजवणारे ड्रमर लोक नाचायला लागले की नकळत लय वाढवतात, ते त्यांचं कामच आहे. क्लिक कानात पडला की मात्र तेच हात अडखळतात. तू प्रत्येक गाण्याचा डमी ट्रॅक कर, त्यात क्लिक, गिटार आणि गाणं. तो मोबाइलवर त्याला दे. त्याने घरी उशीवर काठ्या आपटत सराव केला तरी चालेल. स्टुडिओत गेल्यावर पहिले दोन तास फक्त ड्रम्स सुरात लावण्यात आणि माइक बसवण्यात जाऊ दे, घाई करू नकोस. ड्रमची नवी स्किन (वरचा पडदा) आदल्या दिवशी चढव. जुन्या, मार खाल्लेल्या स्किनचा आवाज कितीही भारी माइक लावला तरी सुधारत नाही. मग ड्रम्सवर बेस, त्यावर गिटार आणि शेवटी खरा गळा.

मिक्सिंग स्वतः करू नकोस. येत असलं तरी. आठ गाणी महिनोन् महिने ऐकून तुझे कान तयार झालेले असतात, तुला न वाजलेलंही ऐकू येतं. मिक्सवाल्याला प्रत्येक ट्रॅकची २४ बिटची वेव्ह फाइल दे, सगळ्या फाइली शून्यापासून सुरू होणाऱ्या, नावं स्पष्ट. 'ऑडिओ ०१ नवीन फायनल २' अशा नावांच्या फाइली आल्या की आम्ही मनातल्या मनात शिव्या देतो. मिक्स आलं की तीन ठिकाणी ऐक: हेडफोन, कोणाच्याही गाडीतली टेप आणि मोबाइलचा स्वतःचा स्पीकर. तुझा बहुतेक श्रोता तिसऱ्या ठिकाणी आहे. तिथे खालचा बेस गायबच होतो, म्हणून बेसला वरच्या पट्टीतली थोडी खरखर द्यायला सांग, म्हणजे तो निदान जाणवतो. 'डीजेसारखं जोरात पाहिजे' असं मास्टरिंगवाल्याला सांगू नकोस. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं. चेपून जोरात केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि चेपलेलं मात्र राहतं. शिखरं उणे एक डीबीच्या आत ठेवायची, बस.

गाणी तयार झाल्याचं बाहेर कळलं की एखाद्या कंपनीचा फोन येईल. 'इतके हजार घ्या, गाणं आमच्या चॅनेलवर टाकू.' आमच्याकडच्या एका पोराने असा कागद न वाचता सही करून दिला. गाणं गाजलं आणि त्याला स्वतःच्याच गाण्याचा व्हिडिओ स्वतःच्या पेजवर टाकायची चोरी झाली. हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला असल्याशिवाय कायद्यात उभा राहत नाही. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच त्यांच्या कागदावर 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द आधीच छापलेले असतात. ते खोड किंवा उठून ये. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवलाय, तो कंपनीला सोडून देण्याचा करार टिकत नाही. तो वाटा गोळा करून देणारी संस्था आयपीआरएस. गाणी बाहेर यायच्या आधी तिचा सभासद हो आणि तिथे प्रत्येक गाणं त्या सह्यांच्या पानावरच्या टक्केवारीसह नोंदव. कॉपीराइटची सरकारी नोंदणी सक्तीची नाही. संगीतकृतीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २००० रुपये फी आहे. सगळ्यांची जमत नसेल तर ज्या दोन गाण्यांवर भरवसा आहे त्यांची कर.

कंपनीशिवाय गाणी सगळीकडे टाकायला डिस्ट्रोकिड, ट्यूनकोरसारखे वितरक आहेत. फी भरायची, फाइल चढवायची, ते स्पॉटिफाय, अ‍ॅपल, जिओसावन, यूट्यूब म्युझिक सगळीकडे पोचवतात. तिथे कलाकाराचं नाव टाकण्याआधी तेच नाव शोधून बघ. खान्देशात पाटील, चौधरी, महाजन किती! त्याच नावाचा आणखी एखादा गायक असला तर तुझी गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात आणि निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. नाव वेगळं घे आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेव. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं, त्यावर फोन नंबर आणि मित्रमंडळाच्या शुभेच्छा नकोत.

आठही गाणी एकदम सोडू नकोस. तीन गाणी सुटी, दीड-दीड महिन्याच्या अंतराने, मग अल्बम. याचं कारण व्यवहारी आहे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एका वेळी एकच न आलेलं गाणं सुचवता येतं आणि ते निदान सात दिवस आधी. मी म्हणेन महिनाभर आधी फाइल चढव. सुटं गाणं पुढे अल्बममध्ये घेताना त्याचा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तोच ठेव, म्हणजे आधीची मोजणी टिकते. पैशांची घाई नको. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळा वाजल्याशिवाय गाण्याला पैसे लागू होत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींच्या पैशांसाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू लागतात. 'हजार रुपयांत लाख व्ह्यू' विकणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. खोटे स्ट्रीम सापडले की वितरकाला दंड बसतो आणि तो तुझं गाणंच काढून टाकतो.

भुसावळात बसून प्रसिद्धीचं म्हणशील तर तुझी अडचण मला तितकी मोठी वाटत नाही. मुंबईतल्या नव्या गायकाला त्याचं गाव ओळखत नाही, तुला तीन जिल्हे ओळखतात. ज्या लग्नांत वाजवलंस त्या नवरा-नवरींचे नंबर तुझ्या फोनमध्ये आहेत. त्यांना घाऊक फॉरवर्ड नको, नाव घेऊन मेसेज कर. डिसेंबर-जानेवारीत कॉलेजांची गॅदरिंग असतात. विद्यापीठाच्या युवारंग या युवक महोत्सवात गाजलेली पोरं प्रत्येक कॉलेजात असतात. त्यांना गाण्याचे कॉर्ड्स लिहून पाठव. कुणी तुझं गाणं गॅदरिंगला गायलं तर त्यासारखी जाहिरात नाही. आकाशवाणी जळगावला रीतसर भेट. वृत्तपत्रांच्या शहर पुरवण्यांना बातमी लागते, पण तयार लागते: दोनशे शब्द, एक बरा फोटो, प्रकाशनाची तारीख. त्यात बँडचं नाव पहिल्या दोन ओळींत टाक, तिघांची नावंही. रीलसाठी गाण्यातले पंधरा-वीस सेकंद तू निवडू नकोस, तालमीला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना निवडू दे. त्यांचं बोट जिथे थांबतं तो तुकडा.

आणि पेन ड्राइव्ह विसरू नकोस. आपल्याकडे कालीपिली, ट्रॅक्टर आणि रावेर-सावद्याहून उत्तरेला जाणारे केळीचे ट्रक अजून त्यावरच चालतात. मोबाइल दुकानवाल्यांना आणि ड्रायव्हरांना एमपीथ्री देताना गाण्याचं आणि तुझं नाव फाइलमध्ये भरलेलं असू दे. नाहीतर गाडीच्या पडद्यावर 'अननोन आर्टिस्ट' फिरत राहतं आणि गाणं आवडलेल्यालाही तू सापडत नाहीस.

प्रत्यक्ष कार्यक्रम एकच कर, पण नीट. जळगावचं बालगंधर्व खुलं नाट्यगृह असो किंवा भुसावळातलं एखादं कॉलेजचं सभागृह, आठ गाणी अल्बमच्या क्रमाने वाजव आणि वाजवायला तुझाच बँड घे. त्या दिवशी त्यांना रीतसर मानधन दे. बँडमधल्या वाटणीचा हिशोब त्या दिवशी नको. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मिक्सरवरून वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेव, पुढचे चार-सहा महिने व्हिडिओला तेच पुरेल.

सीडी काढू नकोस, वाजवायला यंत्र कुणाकडे आहे? ज्यांना हातात काही हवंच असतं त्यांच्यासाठी आठ गाण्यांचे शब्द आणि कॉर्ड्स यांची चोवीस पानी छोटी पुस्तिका छापून घे. मागच्या पानावर क्यूआर कोड, आतल्या पानावर वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि त्याने काय वाजवलं ते. पहिल्यांदा दोनशेच प्रती छाप, संपल्या तर पुन्हा छापता येतात.